एका खाचेवरून शार्क ओळखता येतो का? फिनच्या फोटोंवर सविस्तर उत्तर

जुळे सोलापुरातल्या एका बीएस्सीच्या मुलीनं मला विचारलंय. तिचा मावसभाऊ आयर्लंडला गॅल्वेत नोकरीला आहे, तो तिथल्या अकिल बेटावर कीम बे म्हणून एक किनारा आहे तिकडं दोनदा गेला, 2023 च्या मे मध्ये आणि परत 2025 च्या मे मध्ये, आणि दोन्ही वेळा त्याला बास्किंग शार्क दिसला. दोन्ही वेळचा एकेक फोटो तिनं पाठवलाय आणि म्हणते, ताई, दोन्ही फोटोत पाठीवरच्या पंखाला मागच्या बाजूनं खाच आहे, म्हणजे हा तोच शार्क ना? आणि मुळात सगळेच करडे, सगळेच अवाढव्य, मग तुम्ही एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता तरी कसं?

आधी थोडक्यात सांगून टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको: एका खाचेवरून नाही सांगता येत. तुझे दोन्ही फोटो मी मोठे करून चांगला तासभर बघितले, त्यावर शेवटी बोलते, पण तू जो दुसरा प्रश्न विचारलायस ना त्यातच पहिल्याचं उत्तर आहे, म्हणून ते आधी.

मी मरीन बायॉलॉजी करून तीन उन्हाळे स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांत बोटीवर काम केलं, कोल, टायरी, कॅना या बेटांच्या आजूबाजूच्या पाण्यात. नंतर आईच्या तब्येतीमुळं सोलापूरला परत आले आणि तेव्हापासून फोटो जुळवायचं काम इथूनच करते, अशोक चौकाजवळच्या आमच्या जुन्या घरात. मे महिन्यात बाहेर 44 डिग्री असतंय, खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या असतात आणि स्क्रीनवर उत्तर अटलांटिकचं गार करडं पाणी. लोक विचारतात सोलापुरात बसून शार्कचं काय काम करते, तर हेच, फिन, म्हणजे शार्कच्या पाठीवरचा पंख, बघते. समुद्रावर जाऊन फोटो काढायचं काम चार आठवड्यांचं असतं, ते बघायचं काम वर्षभराचं.

बास्किंग शार्क म्हणजे जगातला दोन नंबरचा मोठा मासा, व्हेल शार्कच्या खालोखाल. सहा ते आठ मीटरचे नेहमी दिसतात, दहाच्या पुढचेही असतात, म्हणजे आपल्या सिटी बसएवढा जीव. आणि खातो काय तर प्लँक्टन, त्यातही कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे प्राणी. मोठ्ठं तोंड उघडं ठेवून सावकाश पोहत राहतो, पाणी कल्ल्यांतून गाळून बाहेर जातं आणि खाणं आत अडकतं. उन्हाळ्यात हे प्लँक्टन वरच्या पाण्यात दाट होतं म्हणून शार्क पण वर येतो आणि तेव्हाच काय ती आपली संधी. पाण्याच्या वर दिसतं काय, तर कधीकधी नाकाचा शेंडा, मग बरंच अंतर सोडून पाठीवरची फिन, मग परत अंतर सोडून शेपटीचं टोक डावी-उजवीकडं हलताना. नवीन माणसाला तीन मासे ओळीनं चाललेत असं वाटतं, मला पण पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. तर या तिघांतली नीट, सरळ उभी, बराच वेळ पाण्याबाहेर राहणारी गोष्ट एकच, ती पाठीवरची तिकोनी फिन. मोठ्या शार्कची मीटरभर उंच असते, कधी शेंडा एका बाजूला कलंडलेला असतो. म्हणून सगळं काम तिच्यावर.

आता व्हेल शार्क असता तर सोपं होतं. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकाची ठिपक्यांची रचना वेगळी, ते जुळवायला तर खगोलशास्त्रातली, आकाशाच्या दोन फोटोंतले तारे जुळवायची पद्धत वापरली गेली, 2005 ची गोष्ट आहे. आपल्याकडं गुजरातच्या किनाऱ्याला येतात ते हेच ठिपकेवाले. बास्किंग शार्कला असलं काही नाही. त्याच्याकडं असतात ते घाव. आयुष्यात जे जे लागलं, कापलं, घासलं, ते फिनवर राहतं आणि आपण ते वाचायचं. व्हँकुव्हरकडच्या समुद्रात मायकल बिग या शास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात ओर्का देवमासे असेच फिनच्या खाचांवरून आणि फिनमागच्या पांढुरक्या पट्ट्यावरून वेगवेगळे ओळखून दाखवले, त्यातून ही सगळी पद्धत रुजत गेली.

हे मला पटकन कळलं त्याचं कारण माझे वडील. ते चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासून घडी करायच्या टेबलावर होते, तीस वर्षं. सगळ्या मागांवर डिझाइन एकच, तोच मोर, तीच पट्टी, तेच रंग. पण वडील चादर उलगडून उजेडाकडं धरायचे आणि म्हणायचे ही सात नंबरच्या मागाची. मी लहान असताना विचारलं कसं काय, तर म्हणाले डिझाइन बघू नको, डिझाइन सगळ्यांचं सारखंच असतंय, चूक बघ. एक धागा सुटला तर तो कुठल्याही मागावर सुटू शकतो, त्याचं काय नाही. पण काठापासून चार बोटांवर एक धागा सुटलाय, त्याच्यापुढं वीतभर अंतरावर दोन जोडीनं सुटलेत आणि प्रत्येक चादरीत तेवढ्याच अंतरावर तेच आहे, मग तो एकच माग. आज मी जे करते ते शब्दशः हेच आहे. एक खाच म्हणजे एक सुटलेला धागा. तीन खुणा, आपापल्या जागेवर, आपापल्या आकाराच्या, एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर, तेव्हा कुठं मी तोंड उघडते.

सगळ्या खुणा सारख्या भरवशाच्या नसतात, हे मात्र कापडापेक्षा वेगळं आहे कारण शार्क जिवंत आहे आणि जखम भरते. सगळ्यात भरवशाची म्हणजे फिनच्या मागच्या कडेवरची खाच, जिथं तुकडाच उडालाय. ती कड पातळ असते, दोरीनं, बोटीच्या पंख्यानं, कशानंही तुकडा जातो आणि तो बहुतेक वेळा पूर्ण भरून येत नाही, कडा जरा गोल होतात पण खाच राहते. पांढऱ्या शार्कवर कॅलिफोर्नियाला झालेल्या कामात मागच्या कडेची नक्षी वीस-एक वर्षांनी पण ओळखता आली होती, त्यामुळं या खुणेवर आपण टिकून राहू शकतो. मग फिनच्या पुढच्या कडेवरचे किंवा मधल्या भागातले खोल व्रण, म्हणजे पंख्याचे समांतर काप किंवा खेकड्याच्या सापळ्याची दोरी आवळून गेलेला वळ, हे पण चांगले, फक्त रंग बदलतो, आधी पांढरट असतात नंतर काळवंडतात. फिनवरचे फिकट-गडद पट्टे आणि डाग मी आधाराला घेते, एकट्यावर विसंबत नाही. आणि सगळ्यात फसवे म्हणजे वरवरचे ओरखडे आणि लॅम्प्रेच्या खुणा. लॅम्प्रे हा बाममाशासारखा लांबडा जीव शार्कला तोंडानं चिकटून राहतो, सुटला की गोल फिकट डाग सोडतो, आज आहे तर पुढच्या वर्षी नाही. वर शार्कच्या कातडीवर काळा चिकट थर असतो, तो घासला गेला की खालची कातडी फिकट दिसते, आणि नवीन पोरं त्यालाच मोठी खूण समजून वहीत लिहितात.

अजून एक चकवा, ऊन. ओल्या फिनवर ऊन पडलं की पांढरा चट्टा दिसतो, अगदी डागासारखा. म्हणून कधीच एक फोटो काढून थांबायचं नाही, सलग दहा-पंधरा काढायचे. चमक असेल तर ती शार्क हलला की फिनवर सरकते, डाग असेल तर जागच्या जागी राहतो. पाण्याच्या थेंबांचं पण तसंच, कडेवरून पाणी ओघळताना खाच असल्यासारखी दिसते आणि पुढच्या फोटोत गायब. हे तुझ्या भावाला सांग, त्याच्याकडं त्या दिवशीचे बाकीचे फोटो असतील तर ते सगळे पाहिजेत, धूसर असले तरी चालतील, त्यानं फोनमधून डिलीट केले नसले म्हणजे मिळवली. आणि मेसेजिंग ॲपवरून पाठवू नको म्हणावं, फोटो दाबून बारीक होतात आणि कडेवरच्या बारीक खाचा त्यातच जातात, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ड्राइव्हवर टाक.

मोजायचं कसं ते सांगते. सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही कारण फोटो काढणारा शार्कपासून किती अंतरावर होता आपल्याला माहीत नसतं. म्हणून प्रमाण घ्यायचं. फिनचा शेंडा म्हणजे 0 आणि जिथं ती पाठीला मिळते ते बुड म्हणजे 100 असं धरायचं आणि प्रत्येक खाच कितीवर आहे ते लिहायचं, समजा एक 35 वर, एक 58 वर, एक बारकी 80 वर. शार्क कॅमेऱ्याला थोडा तिरका असला तरी उभ्या दिशेचं हे प्रमाण फारसं बिघडत नाही, रुंदी मात्र बिघडते, त्यामुळं खाच किती आत गेलीय यावर मी तिरक्या फोटोत विश्वास ठेवत नाही. शेंडा कलंडलेला असला तर परत गडबड, तेव्हा शेंड्याऐवजी खाचांच्याच आपापसातल्या अंतरांचं प्रमाण घ्यायचं. आणि बुड पाण्याखाली असलं, जे निम्म्या फोटोंत असतंच, तर खालच्या भागाबद्दल काहीही लिहायचं नाही. "दिसत नाही" आणि "नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझ्या वहीत त्यांना दोन वेगळे रकाने आहेत, हे मी तुला दोनदा सांगेन कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

मग डावी-उजवी. मागच्या कडेचा बाहेरचा आकार दोन्ही बाजूंनी तोच असतो, फक्त आरशातल्यासारखा उलटा, म्हणून डावीकडचा फोटो उलटवून उजवीकडच्याशी ताडून बघता येतो. पण फिनच्या अंगावरचे डाग आणि व्रण दोन्ही बाजूंना वेगवेगळे, तिथं डाव्याला डावाच फोटो पाहिजे. एकाच भेटीत दोन्ही बाजू मिळाल्या तर सोनं, नाहीतर एकच शार्क कॅटलॉगमध्ये, म्हणजे आधी ओळखलेल्या शार्कांच्या नंबरवार फोटोंच्या संग्रहात, डावीकडून एका नंबरनं आणि उजवीकडून दुसऱ्याच नंबरनं बसतो आणि पाच वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. हे असं झालेलं मी बघितलंय.

प्रत्यक्ष काम करताना मी आधी फोटोला मार्क देते, शार्कला नंतर. फोकस कसा आहे, फिन काटकोनात आहे का, फ्रेममध्ये किती मोठी आहे, बुड दिसतंय का. हे मार्क कॅटलॉग उघडायच्या आधीच द्यायचे, हा नियम मी कधी मोडत नाही. कारण एकदा का मनात आलं की हा तर अमुक नंबरचा शार्क, मग वाईट फोटो पण आपल्याला चांगला वाटायला लागतो. त्यानंतर फिन किती वेगळी आहे त्याचे मार्क, स्वच्छ कडेची फिन असेल तर तिला ओळखीच्या कामात घ्यायचंच नाही, तिची नोंद वेगळी. मग मी जुळवते, दुसरी व्यक्ती स्वतंत्र जुळवते, माझं उत्तर न बघता. दोघांचं जमलं तर नक्की, नाही जमलं तर "शक्य", आणि "शक्य" मधले मोजणीत येत नाहीत.

हा नियम मला शिकवला तो एका चुकीनं. पहिल्याच सीझनला एक उंच फिन आली, शेंडा डावीकडं कलंडलेला, वरच्या भागात मोठी चौकोनी खाच. मी दोन रात्री कॅटलॉग चाळला आणि मला दोन वर्षांपूर्वीची तशीच फिन सापडली, तोच शेंडा, तीच चौकोनी खाच. मी बोटीवर सगळ्यांना उठवून सांगितलं. आमच्यातली एक वयानं मोठी सहकारी होती, ती काही बोलली नाही, जुना फोटो बघितला आणि विचारलं, खालची छोटी खाच कुठं गेली? जुन्या फोटोत खाली बारीक खाच होती. मी म्हणाले नवीन फोटोत ती पाण्याखाली असेल. तिनं त्याच सीरीजमधला पुढचा फोटो उघडला, त्यात लाट उतरली होती आणि फिन बुडापर्यंत बाहेर होती, आणि खालची कड एकदम स्वच्छ. शार्कला नवीन खाच पडू शकते, जुनी गेलेली मी अजून बघितली नाही. म्हणजे वेळेला दिशा आहे. आधीच्या फोटोत कमी आणि नंतरच्यात जास्त, हे चालतं. आधी जास्त आणि नंतर कमी, तर तो दुसराच प्राणी. मला पाहिजे होतं म्हणून मला दिसलं होतं. त्या रात्री झोप नाही लागली मला, आणि लागली नाही ते बरंच झालं.

आता तुला वाटेल एवढा काथ्याकूट कशाला, एखादा चुकला तर काय बिघडलं. बिघडतं ते आकड्यात, म्हणून हे जरा नीट वाच, मी सोपे आकडे घेऊन दाखवते, खरे नाहीत. समजा पहिल्या फेरीत आपण 40 शार्क नीट ओळखून नोंदवले. दुसऱ्या फेरीत 50 ओळखले आणि त्यातले 8 पहिल्या फेरीतलेच निघाले. तर साधा हिशेब असा, 40 गुणिले 50 भागिले 8, म्हणजे 250 शार्क त्या भागात असावेत. आता त्या 8 पैकी 2 माझ्या नजरेतून सुटले, मला 6 च सापडले, तर उत्तर येतं 333. दोन फोटो हुकले आणि कागदावर 83 शार्क जन्माला आले. उलट मी उत्साहात 2 खोटे जुळवले आणि 10 म्हणाले तर उत्तर 200, म्हणजे 50 शार्क मेले. शिवाय ज्यांच्या फिनवर ओळखीची खूणच नाही ते या हिशेबात येतच नाहीत, समजा चांगल्या फोटोंतले 70 टक्केच खुणेचे असतील तर 250 ला 0.7 नं भागून 357 च्या आसपास. आणि हे पण त्या पाण्यात त्या काळात येणाऱ्यांपुरतंच, शार्क काही तलावातले मासे नव्हेत, येतात जातात. खरे हिशेब यापेक्षा किचकट असतात पण पाया हाच, आणि पाया म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवून एका माणसानं दिलेलं हो किंवा नाही.

आणि या आकड्यांवर खरंच गोष्टी ठरतात. तुझा भाऊ ज्या कीम बेवर उभा होता तिथंच 1947 ते 1975 या काळात बास्किंग शार्कची मासेमारी चालायची, लिव्हरच्या तेलासाठी, 12,000 च्या वर शार्क मारले गेले अकिलला. सुरुवातीला भरपूर मिळाले, मग उतरत गेले, मग मिळेनात. त्यानंतर कित्येक वर्षं तिकडं फारसे दिसायचेच नाहीत. ब्रिटनमध्ये 1998 ला या शार्कला कायद्यानं संरक्षण मिळालं, हेब्रिडीजच्या ज्या पाण्यात मी काम केलं तो भाग 2020 च्या डिसेंबरात संरक्षित जाहीर झाला, आयर्लंडनं 2022 मध्ये कायद्याखाली आणलं. आययूसीएन या जागतिक निसर्ग संस्थेच्या लाल यादीत तो 2019 पासून धोक्यातल्या प्रजातीत आहे. म्हणून त्याच किनाऱ्यावर 2023 मध्ये एक आणि 2025 मध्ये एक हे नुसतं ऐकून मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही, फोटो नंतर उघडले, आधी उठून अंगणात एक चक्कर मारली.

एकच शार्क वर्षांनी परत भेटणं याला एवढं महत्त्व का, त्याचं एक खरं उदाहरण देते. 2014 मध्ये आयर्लंडच्या उत्तर टोकाला मॅलिन हेडजवळ एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता. 993 दिवसांनी ती अमेरिकेच्या केप कॉडजवळ दिसली, 4,632 किलोमीटरवर, आणि एका फोटोत तो टॅग अजून अंगावर लोंबकळताना दिसला म्हणून कळलं ही तीच. म्हणजे आयर्लंडचे शार्क आणि अमेरिकेचे शार्क असं वेगळं म्हणताच येत नाही. त्याआधी 2007 मध्ये आइल ऑफ मॅनजवळ टॅग लावलेली एक मादी न्यूफाउंडलंडपर्यंत गेली होती, साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर, वाटेत 1,264 मीटर खोल. टॅग महाग असतो, गळून पडतो, मोजक्याच शार्कना लावता येतो. फिन मात्र प्रत्येकाकडं आहे आणि फोटो कुणीही काढू शकतो, तुझा भाऊ पण.

सॉफ्टवेअरचं विचारशीलच म्हणून. आहेत, चांगली आहेत, डॉल्फिनच्या फिनसाठी बनवलेली कडेची रेषा काढून कॅटलॉगमधल्या सगळ्या रेषांशी ताडून बघतात आणि जवळच्या वीस-पंचवीस फिन क्रमानं समोर ठेवतात. मी रोज वापरते. हजार फोटोंतून पंचवीसवर आणणं हे त्याचं काम, पंचवीसातून एक किंवा एकही नाही हे माझं. पहिल्या नंबरवर आलंय म्हणून हो म्हणायचं नाही, कॅटलॉगमध्ये तो शार्क नसलाच तरी यादीत कुणीतरी पहिला येणारच ना. जिथं फोटोनं भागत नाही तिथं दुसरा मार्ग म्हणजे लांब काठीला घासणी बांधून फिनवरचा तो चिकट थर पुसून घ्यायचा आणि त्यातून डीएनए काढायचा, तो बदलत नाही. पण ते परवाना असलेल्या टीमचं काम, आणि त्यासाठी शार्कच्या अगदी जवळ जावं लागतं.

जवळ जाण्यावरून, भावाला हे पण सांग. किनाऱ्यावरून किंवा कड्यावरून काढतोय तेच बेस्ट आहे. कधी बोटीतून गेलाच तर आधीच वेग कमी करायचा, 100 मीटरच्या आत आलो की इंजिन न्यूट्रलला, शार्कच्या वाटेत आडवं जायचं नाही, पाठलाग नाही. जवळ यायचं असेल तर तो स्वतः येतो, त्याला आपली काही पडलेली नसते. फोटोसाठी ऊन आपल्या पाठीमागं पाहिजे, शार्क आपल्याला आडवा जात असताना काढायचा, समोरून येताना फिन नुसती सुरीसारखी दिसते आणि काही उपयोग नाही. शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान, आणि लाट उतरायची वाट बघायची, बुड दिसलं पाहिजे. मग तो वळून परत येतोच बहुतेकदा, प्लँक्टनच्या पट्ट्यात फेऱ्या मारत असतो, तेव्हा दुसरी बाजू.

इथं नान्नजच्या माळावर आमच्या ओळखीतला एक जण वनखात्याच्या परवानगीनं तरसांचे फोटो गोळा करतोय, त्याचं पण काम असंच चालतं. तरसाचे पट्टे डावीकडं वेगळे उजवीकडं वेगळे, पायावरचे आणि कुशीवरचे सगळ्यात उपयोगी, केस फुगले की पट्टे मोडल्यासारखे दिसतात म्हणून परत तीच सावधगिरी. तुला हात बसवायचा असेल तर शार्कच्या आधी तिथून सुरू कर, वर्षभर प्राणी इथंच आहे, तो तुला नक्की घेईल कामाला. मी पण अजून माझ्या डोळ्याची परीक्षा त्याच्या फोटोंवर घेते.

आता तुझे दोन फोटो. 2023 चा डावीकडून काढलाय, फिन पूर्ण बाहेर आहे, फोकस बरा आहे, मी त्याला चांगले मार्क दिले. मागच्या कडेवर 40 च्या आसपास एक व्ही आकाराची खाच आहे, तू म्हणतेस ती, पण खाली 75 ला अजून एक बारकी आहे, ती बहुतेक तुझ्या लक्षात नाही आली, झूम करून बघ. 2025 चा उजवीकडून आहे आणि थोडा तिरका. मी तो उलटवून ताडून बघितला. त्यात पण वरची खाच आहे, व्ही आकाराचीच, आणि पाण्यावर जेवढं दिसतंय त्यावरून जागा पण जवळपास जमते, नक्की आकडा काढता येत नाही कारण बुड दिसत नाही, अंदाजे अर्ध्याच्या खालचा सगळा भाग लाटेत आहे. बाजू वेगळ्या असल्यामुळं डागांचा काही उपयोग नाही. शेंड्याचा आकार दोघांचा साधारण सारखा आहे पण तसा शेंडा निम्म्या शार्कांचा असतो. दोन वर्षांत फिन वाढलीय का तेही या फोटोंतून कळत नाही, शेजारी मापाला काहीच नाही.

म्हणून माझं उत्तर "शक्य", त्याच्या वर नाही. तुला हो ऐकायचं होतं हे मला माहितीये, मला पण म्हणायचं होतं, खरंच. पण हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि तो 2025 च्या त्या दिवशीच्या बाकीच्या फोटोंत आहे. लाट उतरलेला एक फोटो निघाला आणि खालची कड स्वच्छ दिसली तर दोन मिनिटांत संपलं, हा दुसरा शार्क. 75 च्या जवळ बारकी खाच दिसली तर मग आपण दोघी बसून अंतरं मोजू, मी माझं वेगळं लिहीन, तू तुझं वेगळं लिही, मला दाखवू नको. भावाला आजच मेसेज कर, व्हिडिओ असेल तर व्हिडिओ पण माग, त्यातून एकेक फ्रेम काढता येते.